उंच गाडीचे गणित

२३ डिसेंबर २००८. नाताळचा सण दोन दिवसांवर आला होता. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात जेन्सव्हिल नावाचे एक गाव आहे. तेथील जनरल मोटर्स कंपनीच्या कारखान्यातून त्या दिवशी काळ्या रंगाची एक भली मोठी 'शेव्हर्ले टाहो' गाडी बाहेर पडली. ती तेथे जुळणी झालेली शेवटची टाहो ठरली. हा कारखाना १९१९ मध्ये ट्रॅक्टर बनवण्यापासून सुरू झाला होता. कंपनीच्या चालू असलेल्या जुळणी कारखान्यांत तो सर्वांत जुना होता. त्या दिवशी तेथील मोठ्या गाड्यांची जुळणी कायमची थांबली आणि हजाराहून अधिक कामगार घरी बसले. त्यांच्यापैकी कित्येकांचे वडील आणि आजोबाही तेथेच काम करीत असत.

यंत्रे बिघडली होती का? नाही. कामगारांचे कसब कमी पडले होते का? तेही नाही. अवघ्या काही वर्षांपूर्वी याच गाड्यांवर कंपनीला अमाप नफा होत होता. मग असे का झाले? विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे अर्धे उत्तर कायद्याच्या आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकांत आहे. उरलेले अर्धे मात्र तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात आहे. ते कसे, हे आपण पाहू.

ट्रकच्या सांगाड्यावर मोटारीचा साज

टाहोसारख्या गाडीला अमेरिकेत 'स्पोर्ट युटिलिटी व्हेइकल' असे लांबलचक नाव आहे. त्याचे लघुरूप 'एसयूव्ही'. या गाड्यांची एक पूर्वज म्हणजे जीप. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, विलीज कंपनीने अमेरिकी लष्करासाठी जीपगाड्या मोठ्या संख्येने बनवल्या. युद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि 'जीप' हा शब्द मराठीत घरचाच झाला. दुसरी पूर्वज म्हणजे १९३५ मध्ये आलेली शेव्हर्लेची 'सबर्बन'. ट्रकच्या सांगाड्यावर अनेक माणसे बसतील असा मोठा डबा चढवला, की झाली सबर्बन!

साध्या मोटारीत सांगाडा आणि टप हे एकसंध असतात. ट्रकमध्ये मात्र खाली शिडीच्या आकाराचा मजबूत पोलादी सांगाडा असतो व त्यावर वरचा भाग बसवतात. जुन्या पद्धतीच्या एसयूव्हीची रचना या ट्रकसारखीच असे. साहजिकच ती जड होई आणि जमिनीपासून उंचही होई. शेतावर, जंगलात किंवा बर्फातून जाणाऱ्यांना अशी गाडी उपयोगी पडे. पण शहरात मुलांना शाळेत पोहोचवण्यासाठी आणि बाजारहाट करण्यासाठी लाखो कुटुंबे तीच गाडी घेऊ लागली, त्याचे कारण काय?

कायद्यातील फट

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचा खनिज तेलाचा पुरवठा रोखला. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. तेव्हा १९७५ मध्ये अमेरिकी संसदेने एक कायदा केला. प्रत्येक कंपनीने विकलेल्या नव्या मोटारींनी सरासरीने अमुक इतके अंतर एका गॅलनमध्ये कापलेच पाहिजे, असे बंधन त्यातून आले. १९७८ सालच्या मोटारींसाठी ही सरासरी गॅलनला १८ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ७.७ किलोमीटर होती. १९८५ साठी ती २७.५ मैल, म्हणजे लिटरला सुमारे ११.७ किलोमीटर करण्यात आली.

परंतु 'हलके ट्रक' नावाचा एक निराळा वर्ग करून त्याला सवलत देण्यात आली. शेतकरी, सुतार आणि गवंडी यांना कामासाठी छोटे ट्रक लागतात, त्यांच्यावर बोजा नको, हा त्यामागचा विचार होता. तो वावगाही नव्हता. पण खडबडीत वाटेवर चालू शकणाऱ्या गाड्याही या वर्गात बसत. म्हणजे एसयूव्हीसुद्धा कायद्याच्या दृष्टीने 'हलका ट्रक' ठरली! १९९६ पासून कित्येक वर्षे या वर्गासाठी गॅलनला अवघ्या २०.७ मैलांची अट होती. शिवाय फार पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर १९७८ च्या कायद्याने जो खास कर बसवला, तोही या वर्गाला लागू नव्हता.

याच्या जोडीला एक गमतीदार हकिगत सांगितली पाहिजे. १९६० च्या सुमारास युरोपातील देशांनी अमेरिकेतून येणाऱ्या कोंबड्यांवर जकात बसवली. त्याला प्रत्युत्तर म्हणून अमेरिकेने १९६४ पासून आयात होणाऱ्या हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात लावली. कोंबड्यांचे भांडण केव्हाच विसरले गेले, पण जकात राहिली. त्यामुळे छोट्या ट्रकांच्या बाजारात अमेरिकी कंपन्यांना परदेशी स्पर्धेपासून बरेच संरक्षण मिळाले.

लहान मोटारींचा बाजार जपानी कंपन्या काबीज करीत होत्या. ट्रकचा सांगाडा मात्र तयार होता आणि कायदा सौम्य होता. १९८३ मध्ये आलेली जीप 'चेरोकी' आणि १९९० मध्ये आलेली फोर्डची 'एक्स्प्लोरर' यांना ग्राहकांनी उचलून धरले. चेरोकी एकसंध बांधणीची होती. एक्स्प्लोरर मात्र फोर्डच्याच छोट्या ट्रकच्या सांगाड्यावर बेतलेली होती. मोठ्या एसयूव्हीच्या एका नगामागे हजारो डॉलर नफा सुटू लागला. लहान मोटारीत तो जेमतेम सुटे, कधी तोटाही होई. जनरल मोटर्सला तर लाखो निवृत्त कामगारांचे निवृत्तिवेतन व औषधपाण्याचा खर्च भागवावयाचा होता. मग कंपन्यांनी आपली बुद्धी आणि भांडवल मोठ्या गाड्यांकडे वळवले, यात नवल ते काय?

सरकारी कायद्याने एकाच कामासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनांना दोन नावे दिली होती. निसर्गाचे नियम मात्र अशी सवलत देत नाहीत. त्यांचा हिशेब आता मांडू.

पहिला हिशेब: पेट्रोलचा

समजा, सपाट रस्त्यावर दोन गाड्या ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ३० मीटर या स्थिर वेगाने चालल्या आहेत. एक १,४०० किलोग्रॅमची मोटार आहे, दुसरी २,५०० किलोग्रॅमची एसयूव्ही आहे. वेग स्थिर असल्यामुळे इंजिनाला दोनच विरोधांवर मात करावयाची आहे. एक हवेचा आणि दुसरा फिरणाऱ्या चाकांच्या घर्षणाचा.

चाकांचे घर्षण गाडीच्या वजनाच्या प्रमाणात असते. ते वजनाच्या शंभराव्या भागाइतके धरले, तर मोटारीला सुमारे १४० न्यूटन आणि एसयूव्हीला सुमारे २५० न्यूटन विरोध होईल. हवेचा विरोध गाडीचा आकार, समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि वेगाचा वर्ग यांवर अवलंबून असतो. निमुळत्या, बुटक्या मोटारीला तो सुमारे ३५० न्यूटन, तर कपाटासारख्या उभट गाडीला सुमारे ७०० न्यूटन होईल. बेरीज करा: ४९० आणि ९५०.

कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, हे तुम्ही शिकला आहात. १०० किलोमीटर म्हणजे १ लाख मीटर. तेव्हा मोटारीला ४ कोटी ९० लाख ज्यूल आणि एसयूव्हीला ९ कोटी ५० लाख ज्यूल ऊर्जा लागेल. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल ऊर्जा मिळते, पण तिच्यापैकी साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणजे एका लिटरमागे कामाचे ८० लाख ज्यूल. भागाकार केला, तर मोटारीला सुमारे सहा लिटर आणि एसयूव्हीला जवळजवळ बारा लिटर पेट्रोल लागते. दोन्ही गाड्यांत बसलेली माणसे तितकीच, कापलेले अंतरही तितकेच!

दुसरा हिशेब: उलटण्याचा

येथे एक प्रयोग करून पाहा. एका फळीवर पॉलिश कागद चिकटवा, म्हणजे वस्तू घसरणार नाही. त्यावर एक काड्यापेटी आडवी ठेवा आणि दुसरी उभी. फळीचे एक टोक हळूहळू उचला. उभी पेटी आधी कोलमडेल. आता उभ्या पेटीत वरच्या टोकाला दोन-तीन नाणी चिकटवून पाहा. ती आणखी लवकर पडेल. गुरुत्वमध्यातून खाली काढलेली उभी रेषा पायाच्या बाहेर गेली, की वस्तू उलटते, हा नियम तुम्हांला ठाऊक आहेच.

मोटारींसाठी हाच नियम एका संख्येत मांडतात. डाव्या आणि उजव्या चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. अंतर १५० सेंटिमीटर आणि उंची ५३ सेंटिमीटर असेल, तर ७५ भागिले ५३ म्हणजे सुमारे १.४ येतात. उंची ७० सेंटिमीटर झाली, की तीच संख्या १.०७ वर उतरते. संख्या जितकी लहान, तितका उलटण्याचा धोका अधिक.

तुम्ही विचाराल, सपाट रस्त्यावर गाडी उलटेल कशाला, ती आधी घसरणार नाही का? प्रश्न बरोबर आहे. कोरड्या रस्त्यावर टायरचे घर्षण बहुधा गाडी उलटवण्याइतके नसते. पण घसरणारी गाडी रस्ता सोडून मातीत रुतली किंवा तिचे चाक कडेच्या दगडाला अडले, तर खालचा भाग थांबतो आणि वरचा पुढे जात राहतो. धावताना ठेच लागली, की आपण तोंडघशी पडतो, तसेच हे होय.

ऑगस्ट २००० मध्ये या गोष्टीने अमेरिका हादरली. फायरस्टोन कंपनीने आपले ६५ लाख टायर परत मागवले. त्यांच्यापैकी पुष्कळसे एक्स्प्लोरर गाड्यांना बसवलेले होते. भरधाव वेगात टायरचा बाहेरचा थर सुटून निघे, चालकाचा ताबा जाई आणि उंच गाडी कोलांट्या खाई. अशा अपघातांत अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. फोर्ड म्हणे टायर सदोष, तर फायरस्टोन म्हणे गाडीच उलटणारी. या दोन कंपन्यांचा जवळजवळ शंभर वर्षांचा संबंध २००१ मध्ये तुटला.

या दुखण्यावर विज्ञानाने बऱ्याच अंशी उपायही शोधला. गाडी घसरू लागली, की संवेदक ते ओळखतात आणि एकेका चाकाचा ब्रेक आपोआप, हवा तेवढाच लावून गाडी ताळ्यावर आणतात. २०१२ सालच्या गाड्यांपासून अमेरिकेत ही योजना सक्तीची आहे. तिच्यामुळे उलटण्याचे अपघात पुष्कळच कमी झाले.

तिसरा हिशेब: टकरीचा

"मोठ्या गाडीत आम्ही सुरक्षित असतो," असे एसयूव्ही घेणारे म्हणतात. हे खरे आहे का? २,५०० किलोग्रॅमची गाडी आणि १,२५० किलोग्रॅमची मोटार सेकंदाला १५ मीटर वेगाने समोरासमोर आदळल्या आणि एकमेकींत अडकल्या, असे समजा. संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम लावा. २,५०० गुणिले १५ यातून १,२५० गुणिले १५ वजा केले, की १८,७५० उरतात. त्यांना एकूण वस्तुमानाने, म्हणजे ३,७५० ने भागले, की ५ येतात. म्हणजे धडकेनंतर दोन्ही गाड्या जड गाडीच्या दिशेने सेकंदाला ५ मीटर वेगाने सरकतील.

आता नीट पाहा. जड गाडीचा वेग १५ वरून ५ झाला, म्हणजे १० ने बदलला. हलक्या मोटारीचा वेग १५ वरून शून्यावर येऊन उलट दिशेने ५ झाला, म्हणजे तब्बल २० ने बदलला. क्षणार्धात वेग जितका अधिक बदलेल, तितकी आतील माणसाला इजा अधिक. तेव्हा जड गाडीतील माणूस सुरक्षित असतो हे खरे, पण त्या सुरक्षिततेचा काही भाग समोरच्याच्या खात्यातून आलेला असतो. मग समोरचाही पुढच्या वेळी जड गाडी घेतो. सगळ्यांच्याच गाड्या जड झाल्या, की कोणाचाच फायदा उरत नाही. पेट्रोलचा खर्च तेवढा सगळ्यांचा वाढतो.

आणि पायी चालणारा? त्याला तर जड गाडी घेण्याचीही सोय नाही. बुटकी मोटार माणसाला पायांशी धडकते व तो बॉनेटवर पडतो. उंच गाडी थेट छातीवर आदळते. लहान मूल असेल, तर डोक्यावर. महामार्ग-सुरक्षेचा अभ्यास करणाऱ्या, अमेरिकी विमा कंपन्यांच्या संस्थेने सुमारे १८ हजार अपघात तपासून २०२३ मध्ये निष्कर्ष काढला, की बॉनेटची उंची एक मीटरहून अधिक असलेल्या गाडीच्या धडकेने पादचारी मरण पावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक असते. अमेरिकेत २००९ मध्ये सुमारे ४,१०० पादचारी वाहनांखाली मेले. २०२२ मध्ये ही संख्या ७,५०० च्या वर गेली. या वाढीला इतर कारणेही आहेत, पण गाड्यांची उंची हे त्यांच्यापैकी एक आहे.

हिशेब चुकता झाला

जेन्सव्हिलमध्ये काय घडले, ते आता सहज समजेल. जुलै २००८ मध्ये खनिज तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढला आणि अमेरिकेत पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेले. दुप्पट पेट्रोल पिणाऱ्या गाडीच्या मालकाला ही वाढही दुप्पट जाणवली. टाहोची मागणी कोसळली. पाठोपाठ बँकांवरील अरिष्ट आले आणि मोटारीसाठी कर्ज मिळणेही दुरापास्त झाले. ३० एप्रिल २००९ रोजी क्रायस्लर आणि १ जून २००९ रोजी जनरल मोटर्स या कंपन्यांनी दिवाळखोरीसाठी न्यायालयात धाव घेतली. जनरल मोटर्स ही २००७ पर्यंत सत्त्याहत्तर वर्षे जगातील सर्वांत मोठी मोटार कंपनी होती! सरकारने तिला सुमारे ५० अब्ज डॉलर देऊन सावरले. त्यांपैकी सुमारे ११ अब्ज परत आले नाहीत.

यातून धडा घेतला गेला का? लहान मोटारीच्या सांगाड्यावर बांधलेल्या हलक्या एसयूव्ही आता पुष्कळ निघतात. टोयोटाने १९९४ मध्येच ती वाट दाखवली होती. इंजिनेही सुधारली आहेत. पण २०१४ नंतर पेट्रोल स्वस्त झाले आणि ग्राहक पुन्हा उंच गाड्यांकडे वळले. बदललेल्या नियमांत गाडीने व्यापलेली जागा जितकी मोठी, तितकी अट सौम्य झाली. २०१८ मध्ये फोर्डने जाहीर केले, की 'मस्टँग' वगळता अमेरिकेत आपण साध्या मोटारी विकणे बंद करणार. आज तेथे विकल्या जाणाऱ्या दर चार नव्या गाड्यांत तीनांहून अधिक 'हलके ट्रक' असतात.

दुसरीकडे, लहान गाड्यांच्या बाजारांतून अमेरिकी कंपन्या मागे सरल्या. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये युरोपातील ओपेल कंपनी विकली आणि त्याच वर्षी भारतातील विक्री थांबवली. पुण्याजवळील तळेगावच्या तिच्या कारखान्यातील उत्पादन २०२० च्या अखेरीस बंद झाले.

विजेवर चालणारी गाडी हा उपाय आहे का? २०२१ च्या अखेरीस आलेल्या विजेच्या 'हमर' गाडीचे वजन सुमारे ४,१०० किलोग्रॅम आहे आणि त्यात एकट्या बॅटरीचे वजन सुमारे १,३०० किलोग्रॅम आहे! बॅटरी तळाशी असल्याने गुरुत्वमध्य खाली आला, म्हणजे दुसरा हिशेब सुधारला. पण टकरीचा हिशेब अधिकच बिघडला. इकडे चीनच्या कारखान्यांतून लहान, स्वस्त विद्युत-गाड्या जगभर जाऊ लागल्या आहेत. त्यांना रोखण्यासाठी अमेरिकेने २०२४ मध्ये १०० टक्के जकात लावली. कोंबड्यांच्या भांडणातून आलेल्या जकातीची आठवण होते, नाही का? जकातीने घरचा बाजार राखता येतो, परदेशातला नव्हे. २०२५ मध्ये विद्युत-गाड्यांच्या खरेदीवरील करसवलत संपली आणि पेट्रोलच्या सरासरीची अट मोडल्याबद्दलचा दंडही शून्यावर आणण्यात आला. म्हणजे कायद्याचा चाप आणखी ढिला झाला. तेलाचा भाव मात्र अमेरिकी संसद ठरवीत नाही.

जाता जाता एक कोडे

दोन माणसे वर्षाला प्रत्येकी १२ हजार किलोमीटर गाडी चालवतात. पहिल्याने लिटरला १२ किलोमीटर जाणारी मोटार देऊन १५ किलोमीटर जाणारी घेतली. दुसऱ्याने लिटरला ५ किलोमीटर जाणारी एसयूव्ही देऊन ६ किलोमीटर जाणारी घेतली. अधिक पेट्रोल कोणी वाचवले?

बहुतेक जण पहिल्याचे नाव घेतील. पण भागाकार करा. पहिल्याला आधी १,००० लिटर लागत, आता ८०० लागतात. बचत २०० लिटर. दुसऱ्याला आधी २,४०० लिटर लागत, आता २,००० लागतात. बचत ४०० लिटर! म्हणजे जेथे थोड्या सुधारणेने सर्वांत अधिक तेल वाचले असते, नेमकी तेथेच कायद्याने सवलत दिली होती. त्या सवलतीची खरी किंमत जेन्सव्हिलच्या कामगारांनी मोजली.

हे उदाहरण आपल्या वहीत सोडवा आणि घरी मोठ्या माणसांनाही घाला. आपल्याकडेही उंच गाड्या झपाट्याने वाढत आहेत. गाडी घेताना तिचा रंग आणि रुबाब सगळेच पाहतात. तुम्ही तिचे वस्तुमान, उंची आणि लिटरला जाणारे अंतर विचारा.